आजचे चिंतन : समजलं का?

वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४



आजचा श्लोक बहुतेकांना पाठ असेल. ज्ञान कसं मिळवायचं, ते भगवंत अर्जुनाला सांगतात. ज्यांनी तत्त्व पाहिलं आहे त्यांच्याकडे जा, ते तुला शिकवतील. पण जाताना तीन गोष्टी घेऊन जा. प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. म्हणजे नमस्कार, पुन्हा पुन्हा आणि सर्व बाजूंनी विचारणं, आणि सेवा.

पुष्कळ वर्षं मला हा श्लोक विद्यार्थ्यांसाठीच आहे असं वाटायचं. मुलांनी नम्र असावं, प्रश्न विचारावेत, गुरूची सेवा करावी. मी शिक्षिका होणार होते, म्हणजे मी श्लोकाच्या पलीकडच्या बाजूला! हा गैरसमज पनवेल तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात मोडला. आज तेच सांगते.

पाठ छान झाला होता

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सराव पाठ आणि आंतरवासितेसाठी आम्हा छात्राध्यापिकांना शाळा वाटून दिल्या होत्या. रोज सकाळी पनवेल स्टँडवरून पेणच्या दिशेची एस.टी. धरायची. शिरढोण यायचं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागला की उतरायची तयारी. हातात तक्ते, पिशवीत खडू आणि पाठ टाचणाची वही.

ज्यांनी पाठ टाचण लिहिलंय त्यांना ठाऊक असेल, त्यात एका रकान्यात शिक्षकाची कृती आणि शेजारच्या रकान्यात विद्यार्थ्यांची कृती लिहायची असते. म्हणजे मुलं काय उत्तर देतील, तेही मी आदल्या रात्री घरी बसून लिहून ठेवलेलं! वर्गात मुलं तसंच बोलली की पाठ यशस्वी.

त्या दिवशी गणिताचा पाठ होता. हातच्याची वजाबाकी, ५२ वजा २७. मागच्या भिंतीला खुर्ची टाकून निरीक्षक बसलेले, मांडीवर निरीक्षण वही. मी फळ्यावर उदाहरण मांडलं. "दोनातून सात जातात का?" "नाऽऽही." "मग काय करायचं? शेजारच्या दशकाकडून एक उसना घ्यायचा." पाचावर काट मारली, वर चार लिहिले. दोनाचे बारा केले. बारातून सात गेले, राहिले पाच. चारातून दोन गेले, राहिले दोन. उत्तर २५.

"समजलं का?"

"होऽऽ!" अख्खा वर्ग एका सुरात.

आणि तेवढ्यात खिडकीकडचा एक मुलगा उठून उभा राहिला. कातकरी वाडीवरून येणारा. वर्गात तो फारसा बोलायचा नाही. म्हणाला, "बाई, उसना घेतला तर परत कधी द्यायचा?"

वर्ग खो खो हसला. मला घाम फुटला. हे उत्तर माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं, आणि घड्याळ पुढे सरकत होतं. मी मागच्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हटलं, "मध्ये मध्ये बोलायचं नाही. खाली बस."

तो बसला.

पाठ वेळेत संपला. निरीक्षण वहीत शेरा मिळाला : वर्गनियंत्रण चांगले.

रात्री उघडलेलं पान

घरी येऊन आनंदात होते. जेवणं झाली, नेहमीप्रमाणे गीता उघडली. नेमका चौथा अध्याय चालू होता. वाचता वाचता चौथ्याच श्लोकापाशी अडखळले.

अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत सांगतात की हा योग मी पूर्वी विवस्वानाला, म्हणजे सूर्याला सांगितला होता. त्यानं मनूला सांगितला आणि मनूनं इक्ष्वाकूला. आपण मान डोलावून पुढे गेलो असतो. अर्जुन मात्र तिथंच अडवतो. तो म्हणतो, तुझा जन्म अलीकडचा, सूर्याचा कितीतरी आधीचा. मग तू त्याला सांगितलंस, हे मी समजू तरी कसं?

बघा हं, प्रत्यक्ष भगवंतांना उलट प्रश्न! तोही दोन्ही सैन्यं समोर उभी असताना. वेळ नव्हता म्हणायचं तर तिथं खरोखरच नव्हता. पण कृष्ण "मध्ये बोलू नकोस" म्हणत नाही. तुझे आणि माझे पुष्कळ जन्म होऊन गेले, मला ते माहीत आहेत, तुला नाहीत, असं शांतपणे समजावतो. आणि पुढे ३० श्लोकांनी सांगतो की ज्ञान हवं असेल तर परिप्रश्न कर. आधी स्वतः प्रश्न ऐकून घेतला, मग प्रश्न विचारायची आज्ञा दिली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

अर्जुन तरी किती विचारतो! तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तर तक्रारच करतो की तुझ्या मिश्र बोलण्यानं माझी बुद्धी गोंधळते, एक काय ते नक्की सांग. इतकं ऐकल्यावर पाचव्याच्या पहिल्या श्लोकात पुन्हा जवळजवळ तेच विचारतो, संन्यास बरा की कर्मयोग? आपण असतो तर म्हणालो असतो, "आत्ताच सांगितलं ना!" कृष्ण पुन्हा नव्यानं सांगतो.

आणि "समजलं का?" हा प्रश्न कृष्ण केव्हा विचारतो? अगदी शेवटी. अठराव्या अध्यायाच्या ७२व्या श्लोकात. एकाग्र चित्तानं ऐकलंस का, तुझा मोह गेला का, असं तो विचारतो. पुढच्याच श्लोकात अर्जुन स्वतःच्या शब्दांत उत्तर देतो. ते सुरातलं "होऽऽ" नाही. तिथं पोचायला मधले सगळे प्रश्न लागले.

मी मात्र ३५ मिनिटांत "समजलं का?" विचारून मोकळी झाले होते, आणि ज्या एकाला खरंच समजून घ्यायचं होतं त्याला खाली बसवलं होतं.

प्रश्न त्याचा बरोबर होता

झोप लागेना. त्याच्या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं? विचार करत गेले तसं लक्षात आलं की चूक माझ्या शब्दात आहे. वजाबाकीत कुणी कुणाकडून उसनं घेतच नाही. ५२ म्हणजे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सात काड्या द्यायला सुट्या पुरत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा. आता चार गठ्ठे आणि १२ सुट्या. एकूण काड्या ५२च. दहाची नोट मोडून सुटे घ्यावेत तसं. कुणाचं देणं नाही, कुणाचं घेणं नाही.

इतरांना "उसना" हा शब्द खटकला नाही, त्याला खटकला. का, ते मला उशिरा कळलं. आपल्याकडच्या वाड्यांवरची कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जाण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यात अख्खा हंगाम जातो. ज्याच्या घरात घेतलेलं फेडल्याशिवाय सुटका नसते, त्या मुलाला फळ्यावर कुणीतरी उसनं घेऊन परत न करता उत्तर काढलं, हे पटणार कसं? वर्गात सगळ्यात नीट विचार त्यानंच केला होता.

ठरवलं, हा भाग पुन्हा शिकवायचा. पण पुढचे पाठ दुसऱ्या विषयांचे होते, मग दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर काड्यांचे गठ्ठे बांधून वर्गात गेले, तेव्हा खिडकीकडची जागा रिकामी होती.

"बाई, तो भट्टीवर गेला."

त्या दिवशी खुर्चीवर बसले नाही. मुलांबरोबर जमिनीवर मांडी घातली, गठ्ठे मध्ये ठेवले. म्हटलं, "त्यानं विचारलेला प्रश्न बरोबर होता. मी त्याला गप्प केलं, ती माझी चूक झाली." मुलं हसली नाहीत. आम्ही एकेक गठ्ठा सोडत वजाबाक्या केल्या. शेवटी त्याच्याच वाडीवरची एक मुलगी म्हणाली, "बाई, मी सांगीन त्याला. पाऊस पडला का येल तो."

तोवर माझी आंतरवासिता संपलेली असणार होती. त्याला मी पुन्हा भेटले नाही.

तीन शब्द, दुसऱ्या बाजूनं

आता हा श्लोक वाचते तेव्हा शिकणाऱ्याच्या जागी आधी स्वतःला ठेवते.

प्रणिपात म्हणजे खाली वाकणं. मुलाशी बोलायचं तर मोठ्या माणसालाही त्याच्या उंचीपर्यंत खाली यावं लागतं. मी जमिनीवर बसले तो माझा पहिला खरा पाठ, आणि त्याला कुणी शेरा दिला नाही.

परिप्रश्न. आपल्या कर्नाळ्याच्या पलीकडे पेण तालुक्यात गागोदे गाव आहे. विनोबा तिथले, जन्म १८९५चा. त्यांच्या आईला गीता वाचायची होती, पण संस्कृत कळेना आणि मिळालेलं मराठी भाषांतरही जड वाटलं. तिनं मुलाला सांगितलं, मग तूच का नाही करत? ती १९१८ साली गेली. विनोबांनी 'गीताई' लिहिली १९३०-३१मध्ये. आईच्या हाती ती पडली नाही. पण एका माउलीनं संकोच न करता "मला समजत नाही" म्हटलं, म्हणून आज घराघरांत गीता मराठीत वाचली जाते. उत्तराला उशीर झाला तरी प्रश्न वाया गेला नाही. यातच मला थोडा दिलासा मिळतो.

सेवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हटल्यावर त्या मुलांना बोल न लावता शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! मूल येत नाही तर आपण जायचं, याहून सेवेचा सोपा अर्थ मला माहीत नाही.

आजचा अभ्यास

१. चौथ्या अध्यायाचे पहिले पाच श्लोक आणि ३४वा श्लोक एकत्र वाचा. अर्जुनाचा प्रश्न आणि भगवंतांचा सूर, दोन्हींकडे लक्ष द्या.

२. आज घरात, वर्गात, कामावर कुणी "कळलं नाही" म्हटलं तर कपाळाला आठी घालू नका. समोरचा आपल्यावर विश्वास ठेवतो म्हणून ते म्हणतो. ज्याला आपली भीती वाटते तो "हो"च म्हणतो.

३. आपण कुणाला कधी खाली बसवलं, ते आठवा. तो माणूस जवळ असेल तर आजच त्याच्याकडे जा. मला जाता आलं नाही.

देवा, मला उत्तरं आली नाहीत तरी चालेल, पण विचारणाऱ्याला गप्प करण्याची बुद्धी देऊ नकोस. आणि तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याच्या डोक्यावर कुणाचं उसनं उरलेलं नसो.

राम कृष्ण हरी. उद्या पुढचा श्लोक.