हातापायांचे क्ष-किरण-चित्र : ठेवण आणि पारख

मैदानावर मूल हात टेकून पडले आणि कोपर सुजले, की आमच्या राजेंद्रनगरातील पालक त्याला एक्स-रेसाठी घेऊन जातात. निदान डॉक्टरांनीच करावयाचे. परंतु तंत्रज्ञ दुखरा हात असा का वळवितो, हे ठाऊक असले तर पालकांची अडचण न होता मदत होते.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की क्ष-किरण-चित्र म्हणजे सावली. वर्गात मी वाकलेली तार दिव्यापुढे धरतो. बाक दिव्याच्या दिशेने असला तर भिंतीवर सरळ रेघ उमटते. तारेला पाव वळसा दिला की वाक उघडा पडतो. मोडलेल्या हाडाचेही तसेच. म्हणून एक चित्र समोरून व दुसरे त्याच्याशी काटकोनात, बाजूने, अशी किमान दोन घेतात. अवयव पाटीपासून उचलला गेला तर सावली मोठी व पुसट होते; यास्तव तो टेकवून ठेवतात आणि नळी साधारणपणे १०० सेंटिमीटर दूर असते.

आता कोपरापासून मनगटापर्यंतचा हात घ्या. तळवा वर केला तर आतील दोन हाडे शेजारी शेजारी राहतात, पालथा केला तर एकमेकांवरून जातात. म्हणून समोरच्या चित्रासाठी तळवा वर हवा. बाजूच्या चित्रासाठी कोपर काटकोनात, अंगठा वर आणि खांदा टेबलाच्या पातळीस. चित्रात कोपर व मनगट हे दोन्ही सांधे आलेच पाहिजेत. मिलानच्या मोंतेज्जिया या शल्यवैद्याने १८१४ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी ८१ वर्षे, एक दुखापत वर्णिली : करंगळीकडचे हाड वरच्या भागात मोडते आणि अंगठ्याकडच्या हाडाचे डोके कोपरात निखळते. चित्रात कोपर नसेल तर मोड तेवढा दिसतो, निखळलेले डोके राहून जाते आणि मुलाचा हात पुढे नीट वळत नाही. एवढी किंमत चार बोटे कमी पडलेल्या चित्राची!

राँटजेन यांनी २२ डिसेंबर १८९५ रोजी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, त्यात हाडांइतकीच ठळक बोटातली अंगठी आली आहे. बांगड्या (काचेच्यासुद्धा), घड्याळ, ताईत हे सारे हाड झाकतात. ते घरीच काढून जावे. मुलाला धरण्याची वेळ आली तर शिशाचा एप्रन मागून घ्यावा. गर्भवती स्त्रीने धरू नये.

चित्र हाती आले की आधी नाव, तारीख आणि उजव्या-डाव्याची खूण पाहावी. मग हाडाची पांढरी कड पेन्सिलीच्या टोकाने फिरत जावी तशी नजरेने पुरी फिरावी. जिथे ती तुटते वा मुडपते तिथे थांबावे. लहान मुलांत हाडाच्या टोकाशी काळी पट्टी दिसते. ती वाढीची कूर्चा असते, तडा नव्हे. शंका आल्यास डॉक्टर दुसऱ्या हाताशी ताडून पाहतात.

मनगटातील अंगठ्याच्या मुळाशी असलेले नावेच्या आकाराचे हाड मात्र फसवे. त्याचा तडा पहिल्या दिवशी चित्रात न दिसणे शक्य असते. तिथे दाबून दुखत असेल तर चित्र स्वच्छ असूनही डॉक्टर हात बांधतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा चित्र घेतात.