कातीव लाकडाचा फोटो काढताना

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याचे प्रदर्शन भरले, की लाकडी वस्तूंच्या दुकानांपुढे मोबाइल उंचावतात. लाटणी, भोवरे, भातुकली, लाखेच्या रंगीत डब्या. प्रत्यक्षात देखणी दिसणारी डबी फोटोत मात्र पांढऱ्या रेघांनी फाटते आणि तिचा लाल रंग केशरी होऊन बसतो. प्रस्तुत लेखकाने यात्रा-प्रदर्शनांतून असे फोटो काढले आहेत. त्याचे ठाम मत झाले आहे, की कातकामाचा फोटो बनतो किंवा बिघडतो तो उजेडामुळे. कॅमेरा महागडा असो वा साधा.

याचे कारण वस्तूच्या घडणीतच आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर लेथवर गरगरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, लाकडाला धरते आणि घासून आरशासारखी चकाकते. त्यात आकार गोल! सपाट काचेसमोरून बाजूला सरकले की प्रतिबिंब टळते. गोल डबीवर ते टळत नाही, नुसते जागा बदलते. म्हणून मंडपातली प्रत्येक ट्यूबलाइट तिच्या अंगावर उभी दिसते. पोलरायझर फिल्टरही पृष्ठभागाच्या एखाद्याच भागापुरता उपयोगी पडतो.

खरा उपाय स्वस्त आहे. दिवा आणि वस्तू यांच्यामध्ये बटर पेपर किंवा पांढरे सुती कापड धरावे. टोकदार रेघ पसरून मऊ पट्टा होतो आणि त्याच पट्ट्यातून डबीची गोलाई कळते.

रंगाचे दुखणे वेगळे. लाल-पिवळ्या कनातीतून गाळून आलेले ऊन आणि एलईडीचा निळसर उजेड एकाच वस्तूवर पडला, तर पुढे संगणकावरही तो गोंधळ नीट सुटत नाही. दुकानदाराला विचारून वस्तू मंडपाबाहेर, सकाळच्या सावलीत न्यावी. ते जमले नाही, तर निदान एकाच प्रकारचा उजेड ठेवावा. फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर आणावे; आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात.

मोबाइल वस्तूला चिकटवू नये. जवळून काढलेल्या फोटोत वाडग्याची कड फुगते, बूड बारीक होते आणि कारागिराने पटाशीने साधलेली रेषाच खोटी पडते. दोन पावले मागे जाऊन झूम करावे.

मागची दाटीही फोटो बिघडवते. अमेरिकेत 1986 साली स्थापन झालेल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात सभासद आपापल्या वस्तू टेबलांवर मांडतात. अशा दाटीत शेजारच्या वस्तूची कड फोटोत हमखास घुसते. मागे राखाडी कागद घडी न पाडता वर वळवून लावला, की वस्तू एकटी उठून दिसते.

फोटो काढण्याआधी परवानगी मागावी आणि कारागिराचे नाव, गाव, लाकडाची जात तिथेच लिहून घ्यावी. सावंतवाडीच्या खेळण्याचा फोटो ‘लाकडी खेळणे’ एवढ्याच ओळखीने फिरला, तर घडवणाऱ्याच्या पदरात काय पडणार? शेवटी वस्तू उलटी करून बुडाचाही एक फोटो घ्यावा. जाणकार कातारी आधी तेच पाहतो: लेथच्या पकडीची खूण कशी मिटवली आहे आणि सही आहे का.