पेटीतील जहाज आणि मालवणची गुराब

जहाजांच्या लाकडी प्रतिकृती तयार करण्याचा छंद मूळचा समुद्रकाठच्या लोकांचा. तो करवीरच्या विद्यार्थ्यांस सुचवावा हे कित्येकांस विपरीत वाटेल. आपल्याकडे पंचगंगा आहे, रंकाळा आहे. समुद्र मात्र सह्याद्रीच्या पलीकडे. तथापि ज्या नगरात आपण राहतो त्या नगराच्या गादीचे एके काळी स्वतःचे आरमार होते, ही गोष्ट आपल्यातील फार थोड्यांस ठाऊक असते. सिंधुदुर्ग किल्ला व मालवण बंदर कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. तेथून निघणाऱ्या जहाजांचा उपद्रव मुंबईकर इंग्रजांस इतका झाला की, १७६५ साली, राणी जिजाबाई राज्यकारभार पाहत असता, त्यांनी सिंधुदुर्गावर चाल करून तो घेतला, त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, आणि पुढील वर्षी पैसा घेऊन तो परत केला. १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले ते गेलेच. तेव्हापासून आपला समुद्राशी संबंध घाट चढून येणाऱ्या मासळीपुरता उरला आहे.

ती जहाजे दिसत कशी? वर्गात मुलांस मराठ्यांचे जहाज काढावयास सांगावे, म्हणजे बहुतेक जण एखादे युरोपी जहाज काढतात आणि त्याच्या डोलकाठीवर भगवा झेंडा लावतात. यात मुलांचा दोष नाही. त्यांनी दुसरे काही पाहिलेलेच नसते. ही उणीव प्रतिकृतींच्या छंदाने कितपत भरून निघेल, याचा विचार आम्ही येथे करणार आहो. परंतु त्यापूर्वी तो छंद म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे.

प्रतिकृती म्हणजे खेळणे नव्हे. इंग्लंडात सतराव्या शतकापासून लढाऊ जहाजांच्या लाकडी प्रतिकृती अतिशय काटेकोर प्रमाणात केल्या जात, व त्यांतील कित्येक आज तेथील संग्रहालयांत आहेत. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांच्या कैदेत पडलेल्या फ्रेंच खलाशांनी जेवणातून उरलेल्या हाडांची जहाजे कोरून विकली. डेन्मार्कातील पुष्कळ ख्रिस्ती मंदिरांत छतापासून लहानशी जहाजे टांगलेली असतात; ती तेथील दर्यावर्दी लोकांनी श्रद्धेने अर्पण केलेली असतात. अशा वस्तू करण्यास पूर्वी मुरलेल्या सुताराचा हात लागे. पुढे काही कारखान्यांनी सर्व भाग कापून, नकाशासह एका पेटीत घालून विकावयास आरंभ केला. हेच किट. डेन्मार्क, स्पेन, इटली या देशांतील अशा पेट्या जगभर जातात.

पेटी उघडली असता प्रथम निराशाच होते. झाकणावर सुंदर जहाजाचे चित्र, आणि आत पाहावे तो फळीचे तुकडे, बारीक पट्ट्यांच्या जुड्या, दोऱ्यांची रिळे व पितळी सामानाची पुडी. त्यात एक लांब तुकडा असतो तो जहाजाचा कणा. आपल्या कोकणात त्यास पठाण म्हणतात. त्यावर खाचांत आडवे तुकडे उभे बसवावयाचे, म्हणजे छातीच्या बरगड्यांसारखा सांगाडा तयार होतो. येथे घाई करणारा पुढे पस्तावतो. सांगाडा केसभर जरी पिळला गेला, तरी ते वाकडेपण शेवटच्या शिडापर्यंत लपत नाही. बरगड्यांच्या कडाही तशाच ठेवून चालत नाही. नाळेकडे व पिछाडीकडे जहाज निमुळते होते, तेव्हा तेथील प्रत्येक कडा कानशीने तिरकी घासावी लागते. नाहीतर पट्टी कडेवर टेकते, अंगावर बसत नाही.

मग फळ्या बसविणे. या छंदातील खरी विद्या येथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. समजा, जहाजाच्या मध्यावर पठाणापासून तक्तपोशीपर्यंत बरगडीच्या कडेने मोजलेले अंतर १२० मिलिमीटर आहे, आणि नाळेपाशी तेच अंतर ७५ मिलिमीटर आहे. पट्टीची रुंदी ५ मिलिमीटर. मध्यावर २४ पट्ट्या लागल्या. आता याच २४ पट्ट्या नाळेपाशी ७५ मिलिमीटरांत मावल्या पाहिजेत, म्हणजे तेथे प्रत्येकीस ३ मिलिमीटरांहून किंचित अधिक जागा मिळणार. तेव्हा प्रत्येक पट्टी मध्यापासून टोकाकडे तेवढी निमुळती केली पाहिजे. ज्यास हे त्रैराशिक सुचत नाही तो रुंद पट्ट्याच ओढूनताणून वाकवितो; चार-पाच पट्ट्यांनंतर त्या एकमेकींवर चढू लागतात, आणि कितीही लुकण भरले तरी ते जहाज गळवासारखे फुगलेले दिसते. उलट पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहूनही अधिक निमुळती करू नये, कारण मग तिच्यात टाचणीही ठरत नाही. अशा ठिकाणी दोन पट्ट्यांची एक करावी. पट्टी वाकविण्यापूर्वी ऊन पाण्यात भिजत ठेवावी, आणि एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी लगेच उजवीकडे लावावी. एकच बाजू आधी पुरी केली तर सुकताना ती सांगाडा आपल्याकडे ओढते. शाळेत गणित नावडणाऱ्या मुलांस हे प्रमाण हातात पट्टी असता चटकन उमगते, असा आमचा अनुभव आहे. फळ्यावर तेच उदाहरण घातले तर ती खिडकीबाहेर पाहतात.

डोलकाठ्या, परबाणे व दोरखंड यांविषयी एवढेच सांगतो की, या कामास फळ्यांहून अधिक दिवस लागतात. दोराच्या शिड्यांची प्रत्येक पायरी गाठीने बांधावयाची असते, व अशा गाठी शेकड्यांनी असतात. म्हणून नवशिक्याने नेल्सनचे व्हिक्टरी मागवू नये. ते जहाज २२७ फूट लांब. एका फुटास अष्टमांश इंच या प्रमाणाने त्याची प्रतिकृती २८ इंचांहून लांब होते, आणि ती पुरी होईपर्यंत मुलगा शाळा सोडून गेलेला असतो. एका डोलकाठीची साधी नाव घ्यावी. पेट्या परदेशी व महाग असतात. एका मुलाने विकत घेण्यापेक्षा एका वर्गाने एक घेणे बरे. वडील मंडळींस तर ती पेटी आणि नंतर ते जहाज ठेवावयास कपाट, असा दुहेरी खर्च दिसतो, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते.

अशा कामाचा एक लाभ आम्हांस शास्त्रपठणाच्या तासाला दिसला. प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायात पौलाच्या जहाजफुटीची हकीगत आहे. तीत जहाजाला खालून दोर आवळून बांधणे, पाण्याची खोली आधी वीस आणि थोड्या अंतराने पंधरा वाव लागणे, पिछाडीकडून चार नांगर टाकणे, इत्यादी गोष्टी ओळीने आल्या आहेत. मुले त्या नुसत्या वाचून जातात. पिछाडीकडून नांगर का टाकावे? मेजावर प्रतिकृती ठेवून पाहिले की उत्तर मिळते. वारा मागून आहे, किनारा पुढे आहे. नाळेकडून नांगर टाकला तर जहाज वळून त्याचे तोंड समुद्राकडे होईल. पिछाडीने धरून ठेवले तर तोंड किनाऱ्याकडेच राहील, आणि उजाडताच दोर तोडून, पुढचे शीड चढवून ते सरळ वाळूवर घालता येईल. जहाजावरील २७६ माणसांचे प्राण वाचले त्यास ईश्वरी कृपेबरोबर हे नाविक शहाणपणही कारण झाले. स्कॉटलंडच्या जेम्स स्मिथ नावाच्या गृहस्थांनी १८४८ साली याच प्रवासावर ग्रंथ लिहिला. ते स्वतः शिडाच्या नावा चालविणारे होते, म्हणूनच त्यांस या अध्यायात पंडितांच्या नजरेतून निसटलेल्या गोष्टी दिसल्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेटीत मिळते ते जहाज दुसऱ्याचे असते. व्हिक्टरी मिळते, चहा वाहणारे कटी सार्क मिळते. ही जहाजे अद्याप उभी आहेत, त्यांचे आराखडे कागदावर आहेत, म्हणून त्यांच्या पेट्या निघतात. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली सागवानाची बांधलेली ट्रिंकोमाली नावाची फ्रिगेट १८१७ साली पाण्यात लोटली गेली. ती इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते. हात व लाकूड आपल्याकडचे, पण आराखडा इंग्रजी आरमाराचा, म्हणून तीही कागदावर टिकली. कोकणातील सुतारांची रीत निराळी होती. ते नजरेने, दोरीने व वडिलांनी शिकविलेल्या मापाने जहाज उभे करीत. जहाज बुडाले किंवा जळाले म्हणजे त्याचा आराखडाही त्याबरोबर जाई. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांच्या एका जहाजास आग लागली, ती पसरत जाऊन आरमार जळाले. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून हा प्रसंग आणला, याचा विषाद इतिहासाच्या तासाला व्यक्त होतोच. पण तेथे नुसती लाकडे जळली असे नव्हे, तर एक विद्याही जळली, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

मग उरले काय? शत्रूने लिहून ठेवलेले वर्णन. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गुराब व गलबत यांची जी माहिती दिली आहे, ती प्रतिकृती करणाऱ्यास फार मोलाची आहे. गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, पाणी थोडे खाणारी, मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली, आणि तोंडाशी गोलाई नसून चोचीसारखी लांब पुढे आलेली नाळ. या नाळेच्या तक्तपोशीस दोन्ही बाजूंनी कठडा नसे, कारण समोरच्या लाटेत ती सारखी बुडत असल्यामुळे वर आलेले पाणी आपोआप वाहून जाणे अवश्य होते. नाळ व जहाज यांच्यामध्ये आडवी भिंत, आणि तीत पाडलेल्या झरोक्यांतून नाळेवरून मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत याहून लहान, फार तर ७० टनांचे. त्यास ४०-५० वल्ही असत, व वल्ह्यांच्या बळावर ते ताशी चार मैल जाई. काही गलबतांची तक्तपोशी तर वजन कमी व्हावे म्हणून चिरलेल्या बांबूंची असे. हा शेवटचा तपशील वाचून आम्हांस जो आनंद झाला तो एखाद्या लढाईच्या वर्णनाने झाला नसता. बांबू चिरून तक्तपोशी करणे ही गोष्ट कोल्हापुरातील कोणत्याही मुलास येईल!

चित्रेही आहेत, पण ती जपून वापरावी. डॉमिनिक सेरेस याने विजयदुर्गच्या लढाईचे चित्र १७७१ साली, म्हणजे प्रसंगानंतर १५ वर्षांनी काढले. धूर व ज्वाळा त्यात उत्तम आहेत. फळ्यांची मापे त्यातून काढू जाणे धाडसाचे होईल.

चित्रावरून जहाज उभे राहते काय, याचे एक ताजे उदाहरण आपल्यासमोर आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील एक जहाज रंगविलेले आहे. त्यावरून केरळच्या बाबू शंकरन या कारागिरांच्या नेतृत्वाखाली काथ्याच्या दोऱ्यांनी फळ्या शिवून एक पूर्ण आकाराचे जहाज गोव्यात बांधण्यात आले. कौंडिण्य हे त्याचे नाव. २०२३ च्या सप्टेंबरात त्याचा पठाण घातला, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते भारतीय नौदलात दाखल झाले. चित्रात जहाजाची एकच बाजू दिसते. पाण्याखालचा भाग तर दिसतच नाही. तो तर्काने ठरविल्यावर मद्रासच्या तंत्रविद्या संस्थेत प्रतिकृतीची पाण्यात परीक्षा घेण्यात आली. लहान नौकेच्या चालीवरून मोठीची चाल कशी ताडावी, हे विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते: लांबी ९६ पट कमी केली तर वेग ९६ पट कमी करावयाचा नाही, ९६ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे दहापट कमी करावयाचा. ताशी चार मैल जाणाऱ्या गलबताची प्रतिकृती रंकाळ्यात सोडावयाची झाल्यास तिची योग्य चाल ताशी चार दशांश मैल, म्हणजे मुंगीहून बरी, इतकीच.

गुराबेच्या कामी पाण्याखालचा भाग ताडण्यासाठी आपणांस मालवण, देवगड, विजयदुर्ग येथील जुन्या लाकडी होड्यांचे साहाय्य होईल. तिकडेही आता फायबरच्या होड्या वाढल्या आहेत, म्हणून हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. मे महिन्याच्या सुटीत पाहुण्यांकडे जाणाऱ्या मुलाने बरोबर मोजपट्टी, ओळंबा व आलेखवही न्यावी. पावसाळ्याच्या तोंडी होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारतात, त्यापूर्वी गाठावे. तांडेलाची परवानगी घ्यावी. ‘काका, जरा माप घेऊ का?’ म्हणून विचारले तर कोणी नाही म्हणत नाही, आणि बहुधा चार गोष्टी अधिकच सांगतो. नाळेपासून पिछाडीपर्यंत मध्यावर दोरी ताणून तिचे दहा सारखे भाग करावे. प्रत्येक भागी काठांवर एक सरळ काठी आडवी ठेवून तिच्या बाहेर आलेल्या टोकापासून ओळंबा सोडावा, आणि दर वीतभर उंचीवर ओळंब्यापासून होडीच्या अंगापर्यंतचे आडवे अंतर लिहावे. मध्यापासून ओळंब्यापर्यंतच्या अंतरातून हे वजा केले म्हणजे त्या ठिकाणची निम्मी रुंदी आली. घरी येऊन हे आकडे आलेखावर मांडले की बरगडीचा आकार उमटतो. पुठ्ठ्यावर तो कापून पाहावा, मग फळीवर. अशा दहा बरगड्या म्हणजे परदेशी पेटीतील मुख्य ऐवज आपणच तयार केला.

होडी म्हणजे गुराब नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. जेथे ऑर्मचा आधार आहे तेथे तो पाळावा. जेथे होडीवरून अनुमान केले आहे तेथील फळ्या निराळ्या, फिकट लाकडाच्या लावाव्या, म्हणजे पाहणाऱ्यास आधार कोणता व तर्क कोणता हे रंगावरूनच कळेल. सागाच्या पट्ट्यांशेजारी शिवणीच्या पट्ट्या यास चांगल्या. शिवण हलकी व कापावयास मऊ असते. पाण्याखालचा सारा भाग शिवणीचा होईल, त्यास इलाज नाही. नाळ सागाची, तिच्या बाजू मोकळ्या, मागे आडवी भिंत, आणि तीतील झरोक्यांत दोन तोफा निःशंकपणे बसवाव्या. त्यांची तोंडे सरळ पुढे.