एका युनिटमागचा कोळसा

रात्रीच्या अभ्यासिकेत चाळीस वॅटच्या वीस ट्यूबलाइट चार तास चालल्या, तर वीज किती खर्च होते? ३,२०० वॅट-तास, वीजबिलाच्या भाषेत ३.२ युनिट. हे गणित आपल्या शाळेतला कोणताही विद्यार्थी सोडवील. त्यापुढचे गणित मात्र क्वचितच घातले जाते. आपल्याकडील औष्णिक केंद्रात एक युनिट वीज निर्माण करण्यास साधारणतः ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे कोळशाच्या विजेवर एका रात्रीचा अभ्यास झाला, की दोन किलो कोळसा जळालेला असतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० टक्क्यांहून अधिक असल्याने अर्धा किलोहून जास्त राखही मागे उरते. कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश भागाची वीज होते. उरलेली उष्णता धुराड्यावाटे आणि थंड करण्याच्या पाण्यावाटे निघून जाते.

हा कोळसा जळतो कोठे? चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तेथून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी १९९९ पासून वीज पश्चिमेकडे आणते. वीज तारेतून प्रवास करते, राख करीत नाही. ती विदर्भातील माणसांच्या वाट्याला येते, हे मुंबई-पुण्यात बसून आपण सहज विसरतो.

जगाच्या एकूण प्राथमिक ऊर्जेपैकी सुमारे चार पंचमांश ऊर्जा आजही कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांपासून मिळते. भारताने २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. तेलाची स्थिती उलट आहे: गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आपण आयात करतो. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले, तेव्हा या परावलंबनाची किंमत देशाला कळली. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडले. पण आपली तहान त्याहून मोठी ठरली.

मग ऊर्जा कमी वापरा, एवढेच सांगावे काय? दरडोई ऊर्जावापरात सामान्य भारतीय जागतिक सरासरीच्या निम्म्यावरही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडेच होते. स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, अशी मांडणी त्यांनी १९४३ मध्येच केली. दामोदर खोऱ्याची बहुउद्देशीय योजना त्याच काळात आकारास आली. विजेकडे त्यांनी चैन म्हणून नव्हे, तर मुक्तीचे साधन म्हणून पाहिले. कंदिलाच्या उजेडात शिकलेल्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही.

२०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगरखनिज स्रोतांची झाली. ही बातमी वाचून निम्मी वीज कोळशाविना मिळते, असा अनेकांचा समज झाला. तो चुकीचा आहे. क्षमता म्हणजे यंत्र जास्तीत जास्त किती वीज देऊ शकते. प्रत्यक्ष निर्मिती निराळी. सौर पॅनेल दिवसातील काही तासच पूर्ण काम करते, म्हणून प्रत्यक्ष विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज अद्याप कोळशाचीच आहे. यावर एक उपाय सह्याद्रीत घाटघर येथे चालू आहे: मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॅट वीज घ्यायची. दुपारचे ऊन रात्रीसाठी राखून ठेवण्याची अशी सोय जागोजागी व्हावयास हवी, कारण अभ्यासिकेचे दिवे नेमके सूर्य मावळल्यावर लागतात.