ठरावापासून नळापर्यंत : नगर परिषदेच्या सभेचा एक अभ्यास

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. त्यांपैकी अकरा तालुक्यांच्या ठिकाणी नगर परिषदा असून मोताळा व संग्रामपूर येथे नगर पंचायती आहेत. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कित्येक माजी विद्यार्थी आज या शहरांत स्थायिक झाले आहेत. खेड्यात राहणाऱ्या पालकांनाही बाजार, दवाखाना, न्यायालय आणि महाविद्यालय यांसाठी तेथे यावेच लागते. विधानसभेत आणि लोकसभेत काय घडले याची चर्चा आपल्याकडे चहाच्या टपरीवरही होते. आपल्या शहराच्या नगर परिषदेने गेल्या सभेत कोणता ठराव केला, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. वास्तविक आपल्या दारातला नळ, गल्लीतली नाली, बाजारातली जागा आणि रस्त्यावरचा दिवा यांचा निर्णय त्याच सभेत होतो. म्हणून ही सभा काय आहे, तिचा ठराव लोकांपर्यंत कसा पोहोचतो आणि कोठे अडतो, याचा थोडा अभ्यास आम्ही येथे मांडत आहोत.

१. सभेची जुनी परंपरा

दिनांक २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधले होते. प्राचीन भिक्खू संघाला सभेचे कामकाज चालविण्याचे सविस्तर नियम ठाऊक होते. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान या सर्वांचे नियम संघाने केले होते. पुढे भारताने ही पद्धत गमावली आणि ती पुन्हा गमावली जाऊ शकते, असा इशाराही बाबासाहेबांनी त्याच भाषणात दिला. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या गणराज्याचा प्रसंग आहे. वज्जी लोक जोवर वारंवार सभा भरवतील, एकत्र येतील, एकत्र विचार करतील आणि एकोप्याने उठतील, तोवर त्यांची हानी होणार नाही, असा तथागतांच्या सांगण्याचा आशय होता. सभा नियमित भरणे, हीच राज्याच्या आरोग्याची पहिली खूण मानली गेली.

आपल्या जिल्ह्यातील नागरी संस्थांचा आधुनिक इतिहासही लहान नाही. कापसाच्या बाजारपेठेमुळे भरभराटीस आलेल्या खामगावात १८६७ मध्येच नगरपालिका स्थापन झाली. मात्र त्या काळातील नगरपालिकांत सामान्य माणसाला, आणि दलित समाजाला तर मुळीच, स्थान नव्हते. आज ते आहे, याचे श्रेय संविधानाला व त्याच्या ७४ व्या दुरुस्तीला जाते. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नागरी संस्थांना पाच वर्षांची मुदत, नियमित निवडणूक, लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जाती-जमातींना जागा आणि स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. याच दुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. तिच्यात नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे अठरा विषय आहेत. पाणीपुरवठा, झोपडपट्टी सुधारणा, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे त्यांपैकी काही होत. रस्त्यावरील दिवे, वाहनतळ, बसथांबे व सार्वजनिक सोयी हाही त्यांपैकीच एक विषय आहे. आपण ज्याला क्षुल्लक समजतो तो वाहनतळाचा प्रश्न संविधानाच्या पानावर आहे, हे विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

२. सभा चालते कशी ?

आपल्या नगर परिषदा १९६५ च्या महाराष्ट्र नगर परिषद अधिनियमानुसार चालतात. नगराध्यक्ष व नगरसेवक हे लोकांनी निवडलेले असतात. मुख्याधिकारी हा शासनाने नेमलेला अधिकारी असतो. सभेने ठरवायचे आणि मुख्याधिकाऱ्याने अमलात आणायचे, अशी ही विभागणी आहे. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा भरावी लागते. तिची सूचना व विषयपत्रिका सात दिवस आधी नगरसेवकांना द्यावी लागते. सभेत जे घडते त्याचे इतिवृत्त लिहिले जाते. सभा सामान्यतः नागरिकांसाठी खुली असते. नागरिकाला तेथे बोलता येत नाही. पण ऐकता येते, आणि कोण काय बोलले व कोण गप्प राहिले हे टिपून घेता येते. विषयपत्रिका, इतिवृत्त, अंदाजपत्रक व कामाचे देयक यांच्या प्रती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येतात. अर्जावर तीस दिवसांत निर्णय देणे बंधनकारक आहे.

३. महाडच्या नगरपालिकेने शिकवलेला धडा

ठराव झाला म्हणजे काम झाले, असा आपला समज असतो. तो किती अपुरा आहे, हे महाडच्या इतिहासावरून कळते. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. परंतु तो मुळात नगरपालिकेच्या एका ठरावाचाही इतिहास आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण तीन वर्षे कोणी अस्पृश्य तेथे पाणी भरू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पुढे काय झाले ? ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाच्या बरोबर चार वर्षांनी, त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग न्यायालयाचा मार्ग सुरू झाला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

एका ठरावापासून पाण्याच्या ओंजळीपर्यंत इतका लांबचा प्रवास घडला. यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. ठराव आवश्यक असतो, कारण त्याच्या आधारानेच हक्क मागता येतो. ठराव पुरेसा नसतो, कारण तो अमलात आणण्याची इच्छा कागदात नसते. आणि झालेला ठराव रद्दही होऊ शकतो. म्हणून सभेवर सतत लक्ष ठेवावे लागते.

४. पाणी आणि सफाई

हाच धडा आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. बुलढाणा शहर पैनगंगेवरील येळगाव धरणाचे पाणी पिते. खामगावला ज्ञानगंगा नदीवरील गेरू माटरगाव धरणातून पाणी येते. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या पूर्णाकाठच्या भागाचा बराचसा प्रदेश खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथे बोअरचे पाणी हा पिण्यासाठी पर्याय होऊ शकत नाही. अशा ठिकाणी नळाचे पाणी किती दिवसांआड येते, जलवाहिनी कोणत्या वस्तीपर्यंत जाते आणि टाकीची जागा कोठे निवडली जाते, हे आरोग्याचे प्रश्न ठरतात. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला बहुधा गरिबांची वस्ती असते आणि दाब कमी झाला की पाणी तेथेच प्रथम बंद होते. कोणी जाणूनबुजून ते बंद केले असे म्हणता येत नाही. परंतु सभेत त्याचा उल्लेख कोणी केला नाही, तर ते सुरूही होत नाही.

सफाईचेही तसेच आहे. हाताने मैला साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सफाई कामगारांना हातमोजे, बूट व वेळेवर वेतन मिळते का, ठेकेदार किमान वेतन देतो का, हे प्रश्न विषयपत्रिकेवर आले पाहिजेत. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावाची घाण उचलली, त्याची मुले आज शिकून पुढे गेली आहेत. मागे राहिलेल्यांसाठी हा प्रश्न विचारणे हे त्यांचे कर्तव्य आहे.

५. वाहनतळ : जागा कोणाची ?

आता वाहनतळाकडे वळू. आपली शहरे जुनी, बाजारपेठेचे रस्ते अरुंद आणि वाहने दरवर्षी वाढणारी. काही शहरांची अडचण आणखी वेगळी आहे. सिंदखेड राजाची लोकसंख्या वीस हजारांच्याही आत. परंतु १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी तेथे राज्यभरातून जनसागर लोटतो. शेगावला वर्षभर भाविकांची रीघ असते. लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्यापासून त्या लहान शहराची जबाबदारीही वाढली आहे. स्वतःच्या लोकसंख्येपुरता कर गोळा करणाऱ्या परिषदेला कित्येक पट पाहुण्यांची सोय करावी लागते.

कोंडी वाढली की उपाय म्हणून प्रथम हातगाडी हटवली जाते. येथे थोडे गणित करू. एका मोटारीला उभे राहण्यास साधारण अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. भाजीच्या हातगाडीला सुमारे दोन चौरस मीटर पुरतात. म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा कुटुंबांचे पोट भरू शकते. हातगाडीवाली बाई त्या जागेसाठी रोजची बाजार वसुली भरते. रस्त्याकडेला उभी असलेली मोटार बहुधा काहीच भरत नाही. मोटारीला जागा नको, असे आमचे म्हणणे नाही. जागेचा हिशेब दोघांनाही सारखा लावावा, एवढेच म्हणणे आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात विक्रेता समिती असावी, तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे सांगितले आहे. आपल्या शहरात ही समिती आहे का आणि तिची बैठक शेवटची केव्हा झाली, हे विचारून पाहावे.

वाहनतळ, बगीचा, शाळा, बाजार यांसाठी शहराच्या विकास योजनेत भूखंड आरक्षित केलेले असतात. योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत नागरिकांना हरकती व सूचना देता येतात. पुढे दहा वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही मुदतीत कारवाई झाली नाही, तर आरक्षण संपुष्टात येते. आज आपण बाजारात वाहनासाठी जागा शोधत फिरतो, त्यामागे कधी कधी वीस वर्षांपूर्वी न झालेला एक ठराव असतो.

६. सभा नसते तेव्हा

जिल्ह्यातील बहुतेक नगर परिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. राज्यातील नगर परिषदांसाठी मतदान झाले ते थेट डिसेंबर २०२५ मध्ये. या काळात कामे झाली नाहीत असे नाही. पण लोकांनी निवडलेली सभा नव्हती, वाद नव्हता, इतिवृत्तात विरोधाची नोंद नव्हती. सुमारे चार वर्षांच्या काळातील निर्णयांना लोकप्रतिनिधींचा प्रश्न विचारला गेला नाही. वज्जींच्या सभेविषयीचे तथागतांचे वचन आणि संविधान सभेतील बाबासाहेबांचा इशारा यांची आठवण अशा वेळी व्हावी. आता सभा पुन्हा भरू लागल्या आहेत. त्यांकडे आपण पाठ फिरवली, तर रिकाम्या प्रेक्षक खुर्च्यांसमोर आपल्याच वस्तीचे निर्णय होत राहतील.

अभ्यास व उपक्रम

१. आपल्या प्रभागाचे नगरसेवक कोण आहेत ? आपल्या वस्तीचा विषय त्यांनी सभेत कधी मांडला, हे इतिवृत्तातून शोधा.

२. नगर परिषदेच्या अंदाजपत्रकात पाणी, सफाई, रस्ते व वस्ती सुधारणा यांवरील तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांचा तक्ता तयार करा.

३. बाजारातील एका रस्त्याचा नकाशा काढा. वाहने, हातगाड्या व पादचारी यांच्या वाट्याला किती जागा येते ते मोजा.

४. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या शहरात चार-पाच जणांचा गट करून वर्षातून एका तरी सर्वसाधारण सभेला प्रेक्षक म्हणून बसावे आणि तेथील नोंदी वसतिगृहातील मुलांना वाचून दाखवाव्यात.

महाडला पाणी पिण्यासाठी हजारोंना चालत जावे लागले. आपल्याला नगर परिषदेच्या सभागृहापर्यंत चालत जायचे आहे. अंतर फार नाही.