खरा पंच

(खेळात जिंकावे असे प्रत्येकाला वाटते. परंतु जिंकण्यासाठी काय करावे आणि काय करू नये, हे कोणी ठरवायचे? नियमांच्या पुस्तकाने, पंचांनी की खेळाडूने? प्रस्तुत पाठात काही खऱ्या घटनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.)

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला खेळायला आवडते ना? तुमच्यापैकी कोणी क्रिकेट खेळत असेल, कोणी कबड्डी, तर कोणी खो-खो. समजा, कबड्डीचा सामना रंगात आला आहे. चढाई करणाऱ्या खेळाडूच्या बोटांचा तुमच्या खांद्याला ओझरता स्पर्श होतो. पंचांना तो दिसत नाही. स्पर्श झाला, हे फक्त तुम्हांला माहीत असते. अशा वेळी तुम्ही काय करता? हात वर करून मैदानाबाहेर जाता, की गप्प उभे राहता?

प्रश्न लहान आहे, पण उत्तर सोपे नाही. बाहेर गेलात तर संघाचा एक गुण जातो. उभे राहिलात तर कोणी काही म्हणत नाही. मोठमोठ्या खेळाडूंपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. फरक इतकाच, की त्यांच्याकडे हजारो प्रेक्षकांचे डोळे लागलेले असतात.

फेब्रुवारी १९८० मधील गोष्ट आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्यात कसोटी सामना चालू होता. भारताचे कर्णधार होते गुंडाप्पा विश्वनाथ. इंग्लंडचे ५ गडी अवघ्या ५८ धावांत बाद झाले होते. इयान बोथम आणि बॉब टेलर ही जोडी खेळत होती. कपिल देव यांच्या एका चेंडूवर यष्टिरक्षकाने झेल घेतला. पंचांनी टेलर यांना बाद दिले. टेलर मात्र जागेवरच घुटमळले. चेंडू बॅटला लागलाच नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

विश्वनाथ जवळच, पहिल्या स्लिपमध्ये उभे होते. चेंडू बॅटला लागला नाही, असे त्यांनाही वाटले. पंचांचा निर्णय त्यांच्या संघाच्या फायद्याचा होता. ते गप्प राहिले असते, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. पण ते पंचांकडे गेले. आपले अपील मागे घेऊन त्यांनी टेलर यांना परत खेळायला बोलावले.

पुढे काय झाले? बोथम आणि टेलर यांनी १७१ धावांची भागीदारी केली. बोथम यांनी शतक ठोकले आणि सामन्यात १३ बळीही घेतले. इंग्लंडने तो सामना १० गडी राखून जिंकला. भारत केवळ त्या एका निर्णयामुळे हरला असे नाही. पण त्या निर्णयाची किंमत भारताला मोजावी लागली, हे खरे आहे. आज त्या सामन्याच्या धावा थोड्यांनाच आठवतात. विश्वनाथ यांचा मोठेपणा मात्र कोणी विसरलेले नाही.

यानंतर एक वर्षही झाले नव्हते. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्न येथे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात एक दिवसाचा सामना होता. शेवटचा एक चेंडू उरला होता. सामना बरोबरीत सोडवण्यासाठी न्यूझीलंडला ६ धावा हव्या होत्या. म्हणजे षटकारच हवा होता. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ग्रेग चॅपेल यांनी गोलंदाजाला एक हुकूम दिला. तो गोलंदाज म्हणजे त्यांचाच धाकटा भाऊ ट्रेव्हर. हुकूम असा होता, की चेंडू नेहमीप्रमाणे टाकायचा नाही. हात खाली ठेवून जमिनीवरून सरपटत सोडायचा. अशा चेंडूवर षटकार मारणार कसा? फलंदाजाने चेंडू अडवला आणि रागाने बॅट फेकून दिली. ऑस्ट्रेलियाने सामना जिंकला.

आता नीट लक्ष द्या. असा चेंडू टाकणे त्या वेळी नियमाविरुद्ध नव्हते. पंच काहीच करू शकत नव्हते. तरीही मैदानावरील प्रेक्षकांनी विजेत्या संघाचीच हुर्यो उडवली. दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी या कृत्याचा निषेध केला. पुढे असा चेंडू टाकण्यावर बंदी घालण्यात आली. एका कर्णधाराने सामना गमावला आणि मान मिळवला. दुसऱ्याने सामना जिंकला आणि मान गमावला. नियम पाळणे आणि खिलाडूवृत्ती पाळणे या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात, हे यावरून दिसते.

तिसरी घटना लाहोरची आहे. १९८७ सालच्या विश्वचषक स्पर्धेत पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांचा सामना होता. पाकिस्तानची शेवटची जोडी खेळत होती. शेवटच्या चेंडूवर २ धावा हव्या होत्या. वेस्ट इंडीजचा गोलंदाज कोर्टनी वॉल्श धावत आला. पण चेंडू टाकण्याआधीच पलीकडचा फलंदाज सलीम जाफर रेषा सोडून पुढे गेलेला त्याला दिसला. वॉल्शने नुसता हात फिरवून यष्ट्या उडवल्या असत्या, तर सामना तिथेच संपला असता. नियमाने त्यात काही गैर नव्हते आणि आजही नाही. परंतु वॉल्श थांबला. त्याने सलीम जाफरला फक्त ताकीद दिली आणि मागे जाऊन पुन्हा चेंडू टाकला. अब्दुल कादिरने २ धावा काढल्या. पाकिस्तान जिंकले. वेस्ट इंडीजचा संघ त्या वेळी उपांत्य फेरीतही पोहोचू शकला नाही. तरीही त्या सामन्याची आठवण निघाली, की विजयी पाकिस्तानबरोबर वॉल्शचेही नाव आदराने घेतले जाते.

तुम्ही म्हणाल, पूर्वीचे खेळाडू चांगले होते आणि आताचे वाईट आहेत. तसे नाही. लबाडी जुनीच आहे. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या होत्या. मॅरेथॉन शर्यतीत फ्रेड लॉर्झ नावाचा धावपटू सर्वांत आधी मैदानात आला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. थोड्याच वेळात कळले, की हा गडी बरेच अंतर मोटारीत बसून आला होता!

मग बदलले काय? बदलली ती बक्षिसाची किंमत. आज खेळ हा मोठा व्यवसाय झाला आहे. एका विजयामुळे खेळाडूला पैसा मिळतो, जाहिराती मिळतात, घरोघरी त्याचे नाव पोहोचते. त्यामुळे मोह वाढला आणि लबाडीचे मार्गही वाढले.

१९८८ साली सोल येथील ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या बेन जॉन्सनने १०० मीटर अंतर ९.७९ सेकंदांत कापले. सारे जग थक्क झाले. पण तपासणीत त्याने उत्तेजक औषध घेतल्याचे आढळले. तीनच दिवसांत त्याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. २००० साली दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याची कबुली दिली. त्याच्यावर आजन्म बंदी घालण्यात आली. मार्च २०१८ मध्ये केपटाउनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या एका खेळाडूने खरखरीत पॉलिश पेपर चेंडूवर घासला. पंचांच्या डोळ्यांत धूळ फेकता आली, पण कॅमेऱ्याच्या नाही. या प्रकरणात कर्णधार स्टीव्ह स्मिथ आणि उपकर्णधार डेव्हिड वॉर्नर यांच्यावर एक वर्षाची बंदी आली. एवढे करून ऑस्ट्रेलियाने तो सामना ३२२ धावांनी गमावलाच!

अशा लबाडीत नुकसान कोणाचे होते? पहिले नुकसान प्रामाणिक खेळाडूचे. पहाटे उठून घाम गाळणाऱ्याच्या मेहनतीवर पाणी फिरते. दुसरे नुकसान प्रेक्षकाचे. क्रोनिएचे प्रकरण उघडकीस आल्यावर लोक प्रत्येक सामन्याकडे संशयाने पाहू लागले. खेळाडूच्या हातून झेल खरोखरच सुटला, तरी कोणीतरी विचारू लागले, “याने मुद्दाम तर सोडला नाही ना?” दगा थोडे जण देतात, संशय मात्र सर्वांवर येतो.

ही गोष्ट फक्त मोठ्या मैदानांवर घडते असे समजू नका. शालेय आणि वयोगटाच्या स्पर्धांत खोटा जन्मदाखला दाखवून मोठ्या वयाच्या मुलाला लहान गटात खेळवण्याचे प्रकार आपल्या देशात घडले आहेत. म्हणून काही स्पर्धांत मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय तपासावे लागते. कधीकधी हा खोटेपणा मुलाला वडीलधारी माणसेच शिकवतात, ही आणखी दुःखाची गोष्ट आहे. सतरा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांखालील संघात शिरला, तर संघ कदाचित बाजी मारील. पण ज्या तेरा वर्षांच्या मुलाची ती जागा होती, तो मैदानाबाहेर बसून राहील. त्याची ती वर्षे त्याला कोण परत देणार?

आज मैदानावर कॅमेरे आहेत. प्रयोगशाळेत तपासण्या होतात. या गोष्टी हव्यातच. पण जगातील प्रत्येक गल्लीत, प्रत्येक शाळेच्या मैदानात कॅमेरा बसवता येणार नाही. जिथे कॅमेरा नाही आणि पंचही नाही, तिथे निर्णय कोण देणार? खेळाडूचे इमान हाच तेथील पंच. विश्वनाथ आणि वॉल्श यांनी याच पंचाचे ऐकले.

एखादा खेळाडू चुकला, तर त्याला सुधारण्याचा मार्ग बंद होतो का? मुळीच नाही. मोटारीतून आलेल्या फ्रेड लॉर्झवरही बंदी घालण्यात आली होती. ती नंतर उठवली गेली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०५ साली, त्याने बोस्टनची मॅरेथॉन शर्यत जिंकली. या वेळी तो सगळे अंतर स्वतःच्या पायांनी धावला होता.

मित्रांनो, जिंकण्यासाठी जरूर खेळा. जीव तोडून खेळा. हरलात तर वाईट वाटेल, आणि वाटलेही पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव करता येतो. पुढचा सामना जिंकता येतो. लबाडीने मिळवलेल्या पदकाचे तसे नसते. ते कपाटात असेपर्यंत मालकाला एक गोष्ट सांगत राहते : मी तुझे नाही.

शब्दार्थ

खिलाडूवृत्ती – हार-जीत मोठ्या मनाने स्वीकारण्याची वृत्ती
ओझरता – निसटता, हलका
घुटमळणे – निघून न जाता तिथेच रेंगाळणे
निषेध – विरोध दर्शवणे
उपांत्य – शेवटच्या आधीची
उत्तेजक – शरीराची शक्ती तात्पुरती वाढवणारे
आजन्म – जन्मभर

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) १९८० च्या मुंबई कसोटीत भारताचे कर्णधार कोण होते?
(२) न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर किती धावा हव्या होत्या?
(३) बेन जॉन्सनचे पदक का काढून घेण्यात आले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) ग्रेग चॅपेल यांनी नियम मोडला नाही, तरी लोक का रागावले?
(२) खेळातील लबाडीमुळे कोणाकोणाचे नुकसान होते?
(३) वॉल्शच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? का?

प्र. ३. वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
बाजी मारणे, डोळ्यांत धूळ फेकणे, पाणी फिरणे, घाम गाळणे, हुर्यो उडवणे.

प्र. ४. पुढील शब्दांचे लिंग ओळखा.
चेंडू, धाव, पदक, शर्यत, मैदान, संघ.

प्र. ५. मैदान, बाजी, दगा, इमान, हुकूम हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : तुमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना खिलाडूवृत्तीचा त्यांनी पाहिलेला एक प्रसंग विचारा व तो वर्गात मराठीत सांगा.