तक्त्यात एक मोकळा दिवस ठेव

रत्नागिरी,
आषाढ शुद्ध पंचमी

चि. मनू,

तुझं पत्र आणि सोबतचा प्रवासाचा तक्ता मिळाला. पुढच्या वर्षी मंगोलियात बसने एकटीने फिरायचं, आणि त्याआधी सराव म्हणून या श्रावणात मंडणगडपासून राजापूरपर्यंत एसटीने यायचं, हा बेत मला मनापासून आवडला. घरात त्यावरून काय बोलणं झालं ते दादाने फोनवर सांगितलं. मी तुझ्या बाजूने आहे. वाहतूक नियंत्रक म्हणून माझी सगळी नोकरी स्थानकाच्या खिडकीत गेली. एकट्या निघालेल्या कितीतरी मुली-बायकांना मी गाडीत बसवून दिलं आहे. त्यांनी निघायला नको होतं असं मला कधी वाटलं नाही. माझं म्हणणं फक्त तुझ्या तक्त्याविषयी आहे.

पाच दिवस, रोज तीन गाड्या, एकीतून उतरलं की अर्ध्या तासात दुसरी, शेवटच्या संध्याकाळी राजापूरहून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर, तिथून रात्रीच पुणे आणि सकाळी दहाला ऑफिस! मे महिन्यातही हा तक्ता जेमतेम पाळता येईल. पावसात तो पहिल्याच दिवशी मोडेल. तक्ता मोडण्याचं मला भय नाही. तो मोडल्यावर तू घाई करशील, कुणाच्याही मोटरसायकलवर मागे बसशील, अंधारात अनोळखी फाट्यावर उतरशील, त्याचं आहे.

खेड्यातल्या आपल्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी चालतात. रविवारी किंवा सुट्टीत त्या रद्द होतात आणि फलकावरची वेळ मात्र तशीच राहते. म्हणून चौकशीच्या खिडकीत ‘गाडी किती वाजता’ एवढंच विचारू नकोस. ती गाडी इथूनच सुटते की लांबून येते, लांबून येत असेल तर मागच्या स्थानकातून निघाली का, हे विचार. इथूनच सुटणारी मिळत असेल तर तीच धर. आणि वस्तीची गाडी हा शेवटचा आधार समज. ती संध्याकाळी गावात जाते, चालक-वाहक रात्री तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत फिरते. ज्या गावाला वस्तीची गाडी आहे तिथे अडकलीस तरी सकाळची सोय असते. तुझ्या तक्त्यात तू दर दिवसाची शेवटची गाडी धरली आहेस. शेवटच्या आधीची धर.

गाडी वाटेत बंद पडली तर तिकीट टाकून देऊ नकोस. वाहक मागून येणाऱ्या एसटीत त्याच तिकिटावर बसवून देतो. त्याला वेळ लागतो, कारण मागची गाडीही भरलेली असते आणि आधी म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका चढतात. तोवर वाहकाजवळच थांब. त्या वेळी एखादा खाजगी वडापवाला येऊन ‘चला, सोडतो’ म्हणेल. दिवसाउजेडी, गाडीत आणखी बायामाणसं असतील तर बस. नाहीतर नको.

आता रस्त्याचं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललं आहे, आणि पावसात कुठला तुकडा बंद होईल ते आदल्या दिवशी कुणाला सांगता येत नाही. परशुराम घाटात २०२२ मध्ये आधी कामासाठी रोज दुपारी काही तास वाहतूक थांबवत होते, मग जुलैत दरडीमुळे घाट पुरताच बंद ठेवावा लागला. तेव्हा छोट्या गाड्या चिरणी-आंबडसच्या आडरस्त्याने चिपळुणात उतरत. त्याच वर्षी सप्टेंबरात गॅसचा टँकर आंजणारीच्या पुलावरून काजळी नदीत कोसळला आणि महामार्गच थांबला. २०२१ च्या जुलैत आंबा घाट खचला, तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या गाड्या अणुस्कुऱ्यावरून फिरवाव्या लागल्या. अणुस्कुऱ्यातही दर पावसाळ्यात दरड येते. म्हणजे ज्या घाटावर तू तुझी शेवटची रात्र आणि सोमवारची नोकरी टांगून ठेवली आहेस, त्याची खात्री खुद्द राजापूरचा नियंत्रक देणार नाही. राजापुरात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकात चढलं की गाडी स्थानकातून निघायचीच पंचाईत. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगडची फेरीबोटही वारा उठला की थांबते. दाभोळला ती चुकली तर गुहागरला जायला खेड-चिपळूणवरून मोठा वळसा आहे.

पाणी किती लवकर चढतं हे २२ जुलै २०२१ ला चिपळूणने पाहिलं. वाशिष्ठी नदीने एसटीचं आगार बुडवलं. आगारप्रमुख सहकाऱ्यांसह एसटीच्या टपावर चढून, सुमारे नऊ लाखांची रोकड जवळ धरून, कित्येक तास बसून राहिले. चाकरी म्हणजे काय ते त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला कळलं. पण तू त्यातून एवढंच घे की ज्यांचा जन्म त्या गावात गेला त्यांनाही गाड्या बाहेर काढायला सवड मिळाली नाही. चालक ‘पुढे जात नाही’ म्हणाला की वाद घालू नकोस, आणि गाडीतले इतर प्रवासी त्याच्यावर ओरडत असतील तर त्यांच्यात सामील होऊ नकोस.

सावित्रीच्या पुलाविषयी लिहू की नको, असं झालं होतं. लिहितो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी त्याच्याबरोबर गेल्या. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातून सुटलेल्या. त्यांतलं कुणी परत आलं नाही. काही देह दूर समुद्रकाठी आंजर्ल्याच्या बाजूला सापडले. चालकाची चूक नव्हती, प्रवाशांची तर नव्हतीच. काळोखात, पावसाच्या धारांत, पुढचा पूल जागेवर नाही हे दिसणार कसं? त्याआधी १९ मार्च २०१३ ला खेडच्या जगबुडी पुलावरून खाजगी बस नदीत कोसळली आणि ३७ माणसं गेली. तीही पहाटेच्या अंधारात. सावधपणाने सगळं टळतं असं मी तुला सांगणार नाही, ते खोटं होईल. पण पावसाळ्यात घाट आणि नदीपूल रात्री ओलांडायचे की दिवसा, एवढं तुझ्या हातात आहे. ते तू सोडू नकोस. घाटात रात्रीचा प्रवास या दौऱ्यात एकही नको, ही माझी अट समज.

मंगोलियाविषयी तू पाठवलेलं सगळं वाचलं. तिथेही छोट्या व्हॅन भरल्याशिवाय सुटत नाहीत, नऊची गाडी दुपारी निघते, हे वाचून आपला वडाप आठवला. जुलै-ऑगस्ट हाच त्यांचाही पावसाचा काळ, कच्च्या वाटांवर नद्या ओलांडताना गाड्या रुततात. ११ ते १३ जुलैला नादामचा सण, तेव्हा तिकिटांची स्थिती आपल्या गणपतीसारखी. मात्र एक फरक मोठा आहे. महाराष्ट्राच्या पाचपट मुलुखात तिथे पस्तीस लाख माणसं. आपल्या एकट्या जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीत सोळा लाखांवर होती. इथे गाडी कुठेही बंद पडू दे, जवळपास वाडी असते, कुणीतरी पेज देतं, निरोप पोचवतं. तिथे दुसरं घर दिसायला कित्येक मैल जावं लागेल. म्हणून इथे थांबायला शीक. इथे थांबणं स्वस्त आहे. जी इथे अर्धा दिवस फाट्यावर चिडचिड न करता बसू शकली, तिच्याविषयी मला तिथली काळजी वाटणार नाही.

रोख पैसे जवळ ठेव, कारण वादळात वीज गेली की मोबाइलचे मनोरेही बंद पडतात आणि फोनवरून पैसे देता येत नाहीत. महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत तुला आहेच, वाचलेल्या पैशांत एक रात्र जास्त राहा. बॅटरी, कोरडे कपडे, दोन दिवसांचं खाणं. रात्री जिथे थांबशील तिथलं नाव आईला कळव. आमच्याकडे दोन रात्री काढ, काकू वाट पाहते आहे.

पाच दिवसांचे आठ कर, मधला एक दिवस पूर्ण मोकळा सोड, कोल्हापूरची गाडी सकाळची धर आणि ऑफिसात मंगळवारपर्यंत रजा टाक. नवा तक्ता करून मला पाठव. इथल्या रहाटाघर स्थानकात माझे जुने सोबती अजून आहेत, एकेक फेरी त्यांना विचारून तुला कळवतो.

तुझा,
काका